दोन नंबर गेला, हात एक नंबरवर : ट्रान्सएशिया २३५

वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलांच्या ग्राउंड क्लासमध्ये नव्या बॅचला मी पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न टाकते. दोन पंख्यांचं विमान आहे, नुकतंच उडालंय, तुम्ही बाराशे फुटांवर आहात आणि एका बाजूचा पंखा बिघडला. पहिल्या पाच सेकंदांत काय कराल? मुलं हुशार असतात, पाठांतर पक्कं असतं. "लिव्हर मागे घेऊ", "फेदर करू", "इंधन तोडू", असे भराभर हात वर होतात. "मॅडम, आधी विमान नीट धरू, मग बघू" असं म्हणणारा एखादाच निघतो. मग मी त्यांना तैवानची राजधानी तैपेई, तिथलं प्रकरण सांगते, आणि सगळं सांगते. अर्धवट सांगितलं तर "वैमानिकानं चुकीचं इंजिन बंद केलं" एवढंच डोक्यात राहतं. ते खरं आहे, पण तेवढ्यावर थांबलं तर आपण तसे नाही असं प्रत्येकाला वाटतं आणि विषय संपतो.

४ फेब्रुवारी २०१५, सकाळची वेळ. तैपेई शहराच्या पोटातच असलेल्या सोंगशान विमानतळावरून ट्रान्सएशिया एअरवेजचं २३५ क्रमांकाचं विमान किनमेन बेटाकडे निघालं. आत ५३ प्रवासी आणि ५ कर्मचारी. विमान एटीआर ७२-६०० जातीचं, कंपनीकडे येऊन त्याला वर्षही झालेलं नव्हतं. आपल्याकडे सिंधुदुर्ग, जळगाव, कोल्हापूर अशा विमानतळांवर उतरणारी बरीच विमानं याच कुळातली. मधल्या खिडकीशी बसलं की डोक्यावर पंख दिसतो, त्याला लटकलेलं इंजिन आणि पुढे सहा पात्यांचा पंखा. डाव्या इंजिनाला एक नंबर म्हणतात, उजव्याला दोन नंबर. हे दोन आकडे शेवटपर्यंत लक्षात ठेवा.

कॉकपिटमध्ये तिघे होते. विमान उडवणारे कॅप्टन, त्यांच्या शेजारी साहाय्यकाच्या खुर्चीत बसलेले तेही कॅप्टनच, आणि मागच्या छोट्या खुर्चीवर निरीक्षक म्हणून आलेले वैमानिक. तिघांत सर्वात जास्त, सोळा हजार तासांहून अधिक उड्डाण निरीक्षकांच्या नावावर होतं. म्हणजे अनुभव कमी पडला असं म्हणायची सोय नाही.

आता पंख्याबद्दल थोडं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. लहानपणी एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढून कंडक्टरची बोलणी आपण सगळ्यांनीच खाल्ली आहेत. तेव्हा तळवा समोर धरला की वारा हात मागे रेटतो. तोच हात आडवा करून पुढची कड वाऱ्याला दिली की हात वाऱ्यात सुरीसारखा शिरतो, फारसं काही जाणवत नाही. टर्बोप्रॉपच्या, म्हणजे टर्बाइननं पंखा फिरवणाऱ्या इंजिनाच्या, पंख्याची पाती अशीच आपल्या अक्षाभोवती वळवता येतात. इंजिन चांगलं असेल तेव्हा ती हवा मागे फेकतात. इंजिन गेलं आणि पाती तशीच राहिली तर समोरची हवाच पंखा फिरवू लागते, आणि तो फिरता पंखा विमानाला एका बाजूनं मागे ओढत राहतो, तळवा समोर धरल्यासारखा. म्हणून इंजिन गेलं की पाती वाऱ्याला कडेनं धरायची. यालाच फेदर करणं म्हणतात. पंखा जवळजवळ थांबतो, ओढ कमी होते, उरलेल्या एका इंजिनावर विमान वर चढू शकतं.

उड्डाणाच्या वेळी हे काम माणसाच्या हातावर सोडलेलं नाही. एटीआरमध्ये त्यासाठी स्वयंचलित यंत्रणा आहे, तिचं नाव एटीपीसीएस. ती दोन्ही इंजिनांचा टॉर्क, म्हणजे पंख्याला मिळणारी पिळाची ताकद, सतत बघत असते. एका बाजूचा टॉर्क साधारण १८ टक्क्यांच्या खाली गेला की ती आधी दुसऱ्या, धडधाकट इंजिनाची ताकद वाढवते. त्याला अपट्रिम म्हणतात, २,४७५ अश्वशक्तीवरून २,७५० पर्यंत. त्यानंतर दोनेक सेकंदांत आजारी बाजूचा पंखा फेदर होतो. वैमानिकानं बोटही हलवलेलं नसतं आणि सगळ्यात घाईची दोन्ही कामं झालेली असतात. ही गोष्ट मी वर्गात तीनतीनदा सांगते, कारण पुढच्या सगळ्या गफलतीचं उत्तर तिच्यात आहे.

ट्रान्सएशियाच्या त्या विमानात बिघाड होता तो नेमका या यंत्रणेच्या उजव्या बाजूच्या एका डब्यात. ऑटोफेदर युनिट नावाच्या त्या इलेक्ट्रॉनिक डब्यातले सोल्डर केलेले सांधे कमकुवत झाले होते. त्यामुळे टॉर्क मोजणाऱ्या सेन्सरकडून येणारा सिग्नल मध्येच तुटायचा, पुन्हा जुळायचा. घरातल्या रेडिओचा सुटा सांधा कसा चापट मारली की बोलतो, तसंच म्हणा. फरक एवढाच की इथे सिग्नल तुटला म्हणजे डब्याच्या लेखी टॉर्क शून्य झाला, आणि टॉर्क शून्य म्हणजे इंजिन मेलं.

त्या सकाळी विमानानं एक सूचना आधीच दिली होती. धावपट्टीवर वेग घेताना एटीपीसीएस सज्ज असल्याचा हिरवा दिवा लागायला हवा. तो लागला नाही. शेजारच्या कॅप्टननी ते पाहिलं आणि बोलून दाखवलं. उडवणाऱ्यांनी पुढे जाऊ म्हटलं, शेजाऱ्यांनी मान्य केलं. काही सेकंदांत दिवा लागला, तेही बोललं गेलं, आणि विमान उडालं. दिवा नसेल तर उड्डाण सोडून द्यायला हवं होतं. पण चौकशीत असंही निघालं की या जातीच्या विमानासाठी तसं स्पष्ट लेखी धोरण कंपनीनं वैमानिकांपर्यंत पोहोचवलेलंच नव्हतं. मला या जागी फार वेळ थांबावंसं वाटतं. धावपट्टीवर वेग कमी असताना ब्रेक मारणं हा या संपूर्ण प्रकरणातला सर्वात स्वस्त निर्णय होता. उशीर झाला असता, प्रवासी कुरकुरले असते, इंजिनिअरनं डबा उघडून पाहिला असता. उशिरा लागलेला दिवा म्हणजे बरा झालेला दिवा नव्हे. तो आत्ता का लागला हे कुणालाच माहीत नसतं.

आता सेकंदांचा हिशेब. तो ब्लॅक बॉक्समधून आलेला आहे आणि वाचताना अंगावर काटा येतो.

१० वाजून ५२ मिनिटं ३८ सेकंद. विमान ऑटोपायलटवर, उजवीकडे वळत, १,२०० फुटांवरून चढतं आहे. मुख्य धोक्याची घंटा वाजते. पडद्यावर अक्षरं उमटतात : इंजिन २ फ्लेमआउट अ‍ॅट टेकऑफ. म्हणजे उड्डाणाच्या वेळी दोन नंबर विझलं. एक नंबरला अपट्रिम मिळतो, दोन नंबरचा पंखा फेदर होतो. म्हणजे यंत्रणेनं आपलं काम चोख केलं, फक्त ज्या कारणासाठी केलं ते कारणच खोटं होतं. दोन नंबरचं इंजिन विझलेलं नव्हतं. आत ज्वाळा पेटलेली होती, इंजिन फिरत होतं, फक्त त्याचा पंखा आता हवा फेकत नव्हता.

तीन सेकंदांनी ऑटोपायलट काढला जातो. ४३ व्या सेकंदाला उडवणारे कॅप्टन म्हणतात की मी एक नंबरचा थ्रॉटल (ताकदीची लिव्हर) मागे घेतो. शेजारचे लगेच म्हणतात, थांबा, आधी पडताळून बघू. पण तोवर एक नंबरची लिव्हर थोडी मागे आलेली आहे. घंटा वाजल्यापासून फक्त पाच सेकंद झालेत. अजून कुणी गेज वाचलेलं नाही, दोन नंबर की एक नंबर हे कुणी मोठ्यानं म्हटलेलं नाही, आणि हात निघालाय तो चांगल्या इंजिनाकडे.

पुढच्या वीस-पंचवीस सेकंदांत जे घडतं ते मला सर्वात जास्त अस्वस्थ करतं, कारण तिथे बरोबर उत्तर त्याच खोलीत बोललं गेलं. शेजारचे कॅप्टन इंजिन फ्लेमआउटची तपासणी सुरू करतात. अपट्रिम आहे, ऑटोफेदर आहे, असं म्हणतात. मग वेगाकडे लक्ष द्या म्हणतात, कारण वेग घसरतोय. उडवणारे पुन्हा एक नंबर मागे घेतात. आणि बरोब्बर त्याच क्षणी शेजारचे म्हणतात की दोन नंबरचं इंजिन गेलंय हे पक्कं. उडवणारे ओके म्हणतात. लिव्हर मात्र जिथे होती तिथेच राहते, एक नंबरवर, अर्धी मागे.

कानानं "दोन" ऐकलं, तोंडानं "ओके" म्हटलं, हातानं "एक" धरलं. माणसाचं असं होतं. घाबरलेल्या माणसाचा हात आधी ठरवतो आणि बाकीचा मेंदू त्या हाताची बाजू सांभाळत बसतो. आणि "दोन पक्कं" म्हणणाऱ्यानं समोरच्याचा हात पाहिला नाही. शब्द बरोबर होते, पण ते हातापर्यंत पोहोचले की नाही हे बघणं त्याच कामाचा भाग आहे.

विमान फार तर सोळाशे फुटांच्या थोडं वर पोहोचलं. तिथून पुढे चढायला ताकदच नव्हती. उजवा पंखा फेदर, डावं इंजिन मंद केलेलं, नाक वर आणि वेग कमी. स्टॉलचा, म्हणजे पंख आता विमानाला उचलून धरणार नाहीत असा, इशारा वाजू लागला. स्टिक शेकर नावाची यंत्रणा अशा वेळी हातातला दांडा खडखड हलवते, कानानं ऐकलं नाही तरी हाताला कळावं म्हणून. दांडा हलला, नंतर यंत्रणेनं स्वतः नाक खाली ढकललंही. यावर उपाय दोनच असतात, नाक खाली आणि असलेली ताकद पूर्ण. दोन्ही वेळेत झाले नाहीत. उलट एक नंबरची लिव्हर अगदी मागे आली.

५३ मिनिटं २४ सेकंद. एक नंबरचं इंधन तोडलं गेलं. सहा सेकंदांनी तोही पंखा फेदर झाला. पहिल्या घंटेपासून इंधन तुटेपर्यंत ४६ सेकंद लागले. आता विमानाला पुढे ओढणारं काहीच उरलं नव्हतं. दोन इंजिनांपैकी एक चालू होतं पण त्याचा पंखा मोकळा पडला होता, दुसरं धडधाकट होतं पण बंद केलेलं होतं.

पुढच्या पाच सेकंदांत नियंत्रण कक्षाला मेडे, म्हणजे संकटाची हाक, गेला : इंजिन फ्लेमआउट. म्हणजे अजूनही आपलं एकच इंजिन गेलंय असंच ते धरून चालले होते. ऑटोपायलट पुन्हा लावण्याचे प्रयत्न झाले. निरीक्षकांच्या तोंडून "हे असं कसं झालं" अशा अर्थाचे शब्द निघाले. दोन्ही बाजूंची ताकद गेली आहे हे ५४ मिनिटं ५ सेकंदांच्या सुमाराला शेजारच्या कॅप्टनच्या लक्षात आलं. एक नंबर बंद होऊन तोवर चाळीस सेकंद उलटले होते आणि उंची साडेपाचशे फुटांच्या आसपास उरली होती. "इंजिन पुन्हा सुरू करा," हे मग पुन्हा पुन्हा म्हटलं गेलं. एक नंबर खरंच सुरू होऊ लागलंही. टर्बोप्रॉप इंजिनाला शून्यातून ताकदीवर यायला जो वेळ लागतो तो मात्र उंचीनं दिला नाही. ५४ मिनिटं २७ सेकंदांना उडवणाऱ्या कॅप्टनच्या तोंडून ते वाक्य निघालं जे पुढे जगभर छापून आलं : चुकीच्या बाजूचा थ्रॉटल मागे घेतला.

आठ सेकंदांनी विमान डावीकडे जवळजवळ उभं कलंडलं. डावा पंख उन्नत रस्त्यावरच्या एका टॅक्सीला आणि कठड्याला लागला आणि विमान कीलुंग नदीत उलटं कोसळलं. मागून येणाऱ्या गाडीच्या कॅमेऱ्यातलं ते दृश्य बहुतेकांनी पाहिलं आहे. ५८ पैकी ४३ जण गेले, १५ वाचले. टॅक्सीतले दोघे जखमी झाले पण जिवंत राहिले. तिन्ही वैमानिक गेले. घंटा वाजल्यापासून शेवटपर्यंत एकूण ११७ सेकंद.

आता मुलं हमखास विचारतात, "मॅडम, मग काय करायला हवं होतं?" माझं उत्तर ऐकून ती थोडी निराश होतात, कारण त्यात शौर्य नाही. इंजिनांच्या बाबतीत त्या क्षणी काहीही करायची गरज नव्हती. ताकद वाढवायची होती, यंत्रणेनं वाढवली. पंखा फेदर करायचा होता, झाला. चाकं आत होती. विमान चारशे फुटांच्या कितीतरी वर होतं, आणि त्या कंपनीची पद्धत तर अशी होती की चारशे फुटांच्या खाली इंजिनाच्या लिव्हरना हातच लावायचा नाही. वैमानिकापुढे उरलेलं काम म्हणजे पायानं रडर, म्हणजे शेपटीवरचं उभं सुकाणू, धरून नाक उजवीकडे वळू न देणं, वेग सांभाळेल इतपतच नाक वर ठेवणं, वळण सौम्य करणं. हे जमलं की विमान एका इंजिनावर चढतं, त्यासाठीच ते प्रमाणित झालेलं असतं.

मग ओळख पटवायची. जुने लोक सांगतात की ज्या बाजूचा पाय सैल, त्या बाजूचं इंजिन गेलं. पाय खोटं बोलत नाही हे खरं, पण पायावरही थांबायचं नाही. दोन टॉर्कचे आकडे शेजारीशेजारी असतात, एक जवळजवळ पूर्ण आणि एक तळाला. पडद्यावरची ओळ "इंजिन २" म्हणत असते. पंख्याचे फेरे वेगळे दिसतात. तीन साक्षीदार एकच नाव घेतात तेव्हा ते मोठ्यानं बोलायचं. त्यानंतरही हात सरळ लिव्हर ओढत नाही. उडवणारा हात दोन नंबरवर ठेवतो आणि विचारतो, "दोन?" शेजारचा गेजकडे बघतो, मग त्या हाताकडे बघतो, आणि मगच म्हणतो, "दोन, पक्कं." मग लिव्हर हळू मागे. हळू अशासाठी की चुकीची असेल तर विमान लगेच सांगतं, आवाज उतरतो, वेग पडतो, आणि ती पुन्हा पुढे ढकलायला एक सेकंद पुरतो. सगळ्यात शेवटी इंधन. त्याला घाई कधीच नसते, आग लागलेली नसेल तर.

तैवानच्या चौकशी मंडळाचा अंतिम अहवाल २०१६ मध्ये आला आणि त्याचं म्हणणंही हेच आहे : आधी विमान स्थिर केलं असतं, मग बिघाड कुठल्या बाजूचा हे नीट ओळखलं असतं आणि दोन नंबरची ठरलेली पद्धत पाळली असती, तर ही दुर्घटना टळली असती. सोल्डरचा सांधा हा अपघाताचा आरंभ होता, कारण नव्हे, असं मी म्हणते. काही सहकाऱ्यांना हे पटत नाही. त्यांच्या मते डबा नीट असता तर बाकी काही घडलंच नसतं. पण विमानात सुटे भाग बिघडणारच, हे गृहीत धरूनच दुसरं इंजिन दिलेलं असतं.

मग हात एक नंबरवर गेलाच कसा? याचं पूर्ण उत्तर त्या कॅप्टनबरोबर गेलं. पण कागदपत्रांत बरंच काही आधीपासून लिहिलेलं होतं. हवाई दलातून आलेले हे वैमानिक २०१४ च्या मे महिन्यात कॅप्टनपदाच्या सिम्युलेटर परीक्षेत नापास झाले होते. फेरपरीक्षेत पास होऊन कॅप्टन झाले. त्याच वर्षाच्या शेवटी ते ७२-५०० वरून ७२-६०० वर आले. प्रशिक्षकांच्या शेऱ्यांमध्ये तपासण्या अर्धवट सोडणं, दडपणाखाली गडबडणं, निर्णयाच्या वेळी अडखळणं, आणि खास करून उड्डाणानंतर इंजिन गेल्याच्या प्रसंगात चाचरणं, असं सगळं होतं. म्हणजे ज्या परीक्षेत ते चाचरले, तोच प्रश्न आयुष्यानं त्यांना नऊ महिन्यांनी विचारला.

मी स्वतः प्रशिक्षक असल्यामुळे या शेऱ्यांपाशी माझा पाय अडतो. शेरा लिहिणाऱ्यानं आपलं काम केलं. पुढच्या परीक्षकानं पास म्हटलं, त्यानंही नियमानं केलं असेल. पण शेरा फाइलमध्ये राहिला आणि माणूस कॉकपिटमध्ये गेला. चाचरणाऱ्याला तीच कसरत एकदा नीट करून दाखवता आली म्हणजे तो चाचरायचा थांबला असं होत नाही. त्याला तीच कसरत वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या बाजूनं, ऑटोपायलट चालू असताना, वळणात असताना, अचानक द्यावी लागते. सिम्युलेटरमध्ये इंजिन बहुतेक वेळा धावपट्टीवरच, ठरलेल्या वेगाला नेऊन मारलं जातं. विद्यार्थ्याला माहीत असतं की आता येणार. सोंगशानला ते बाराशे फुटांवर, ऑटोपायलटवर, शांतपणे चढताना आलं.

हे एकट्या तैपेईचं दुखणं नाही. २४ सप्टेंबर २००९ ला दक्षिण आफ्रिकेत दरबानहून जेटस्ट्रीम ४१ जातीचं टर्बोप्रॉप उडालं, उजवं इंजिन गेलं, आणि वैमानिकांनी डावं बंद केलं. त्याआधी ८ जानेवारी १९८९ ला इंग्लंडमध्ये केगवर्थपाशी बोइंग ७३७ च्या वैमानिकांनी धडधाकट इंजिन बंद केलं आणि ४७ प्रवासी गेले. हे इतक्यांदा घडलं की १९९८ मध्ये विमान उद्योगानं "इंजिनाचा बिघाड आणि त्यावर वैमानिकाची चुकीची कृती" या एकाच विषयावर मोठा अभ्यास केला. म्हणूनच "तो वैमानिक नालायक होता" म्हणून कुणी वही मिटली की मला राग येतो. चुकीच्या इंजिनाकडे जाणारा हात कुणाचाही असू शकतो. तो अडवण्यासाठी दुसरी खुर्ची असते.

ट्रान्सएशियासाठी हा सात महिन्यांतला दुसरा मोठा अपघात होता. जुलै २०१४ मध्ये पेंघू बेटांवर मागोंगला उतरताना त्यांचंच एटीआर कोसळून ४८ जण गेले होते. नदीतल्या अपघातानंतर कंपनीच्या एटीआर वैमानिकांची इंजिन बिघाडावर तातडीनं परीक्षा घेतली गेली, तेव्हा दहा जण नापास झाले. नोव्हेंबर २०१६ मध्ये कंपनी बंद पडली.

आमच्या वर्गात सिम्युलेटर नाही. पुठ्ठ्यावर मी दोन खाचा पाडल्या आहेत, त्यांत दोन लाकडी पट्ट्या सरकतात, एकीवर लाल चिकटपट्टीचा १ आणि दुसरीवर २. वर भिंतीवर फळ्यावर दोन टॉर्कचे आकडे खडूनं लिहिते. शेजारीशेजारी दोन खुर्च्या. एकाच्या हातात वहीची गुंडाळी, तो दांडा, ती मांडीपासून ढळू द्यायची नाही. मी मागून स्टीलच्या डब्यावर चमचा आपटते आणि फळ्यावरचा एक आकडा पुसून १० लिहिते. पहिल्या दिवशी बहुतेकांची पट्टी दोन सेकंदांत मागे येते, आणि दर वेळी दोघा-तिघांची चुकीची. मी काही बोलत नाही, फक्त पट्टी पुन्हा पुढे सरकवते आणि डबा परत वाजवते.

गेल्या बॅचमध्ये धुळ्याकडची एक मुलगी होती, वर्गात अगदी गप्प. चौथ्या दिवशी तिची पाळी आली. मी डबा वाजवला, फळ्यावर उजवीकडे १० लिहिलं. तिनं वहीची गुंडाळी घट्ट धरली, नजर फळ्यावर. हात पट्टीवर जायला बराच वेळ लागला. गेला तो दोनवर, आणि तिथेच थांबला. शेजारचा मुलगा कासावीस होऊन म्हणाला, "अगं ओढ ना!" ती म्हणाली, "तू आधी माझा हात बघ. दोन?" त्यानं खाली पाहिलं, मग फळ्याकडे, मग पुन्हा तिच्या हाताकडे. "दोन," तो म्हणाला. ती तरीही थांबली. "पक्कं म्हण," ती म्हणाली.